मुस्तफासाठी किती बटणं लागतात?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. वय 43, सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे, राहायला इंदिरानगर. शाळेत असताना नाशिकरोडच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं मुठीत धरून तासन्‌तास उभा राहायचो. आता तसंच मशिन घरी बनवायचंय. 19 इंची चौकोनी मॉनिटर जुना मिळालाय, लाकूडकाम मेहुणे करून देणार आहेत. दिवाळीत भाऊ पुण्याहून येतो, त्याच्या आधी मशिन उभं राहायला हवं. पण कंट्रोलपाशी घोडं अडलंय. ऑनलाइन दोन खेळाडूंचं अख्खं किट मिळतं, दिव्यांच्या बटणांसकट. ते घेऊ की सुटं सामान? जपानी की अमेरिकन? जॉयस्टिक चार दिशांची की आठ? तळहाताने फिरवायचा तो गोळा, ट्रॅकबॉल, तोही बसवावा का? आणि आमच्या मशिनांवर असतात ती पुश बटणं चांगली दणकट असतात, बाजारात सहज मिळतात, तीच लावली तर? मुलगी 11 वर्षांची आहे, तिलाही खेळता आलं पाहिजे. बायकोचं म्हणणं एकच, रात्री खटखट नको."

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात जॉयस्टिक आहे, बटणं आहेत, ट्रॅकबॉल आहे, मॉनिटर किती इंची तेही आहे. फक्त कोणता खेळ खेळणार, तेवढंच नाही. आणि बाकीची सगळी खरेदी त्यावरच ठरते. म्हणून काही मागवायच्या आधी आज रात्री जेवणं झाली की मुलीला आणि वहिनींना घेऊन बसा, भावाला फोन लावा आणि पाच खेळांची नावं कागदावर काढा. दहा नकोत, पाचच. पुढे मशिनमध्ये शंभर खेळ टाकाल, पण महिनाभराने हात वळतील ते त्यातल्या चार-पाचांकडेच. जॉयस्टिक आणि बटणांचं पॅनेल त्यांच्यासाठी बनवायचं.

यादीतलं पहिलं नाव मी आत्ताच सांगू शकतो. नव्वदच्या दशकातलं पार्लर आणि बरोबर भाऊ, म्हणजे मुस्तफा. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमने 1993 साली काढलेला. पण त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रामुळे आपल्याकडे त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारली नाही. मुस्तफाला प्रत्येकी बटणं लागतात दोन. एक मारायचं, एक उडी मारायचं, आणि दोन्ही एकदम दाबली की सगळ्यांना एका झटक्यात उडवणारा डाव. बस्स. आता 'स्ट्रीट फायटर 2' घ्या, 1991चा. त्याला सहा लागतात: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी-मध्यम-जोरदार अशी. 'मेटल स्लग'ला तीन पुरतात. 'पॅकमॅन'ला खेळताना एकही बटण लागत नाही, नुसता दांडा. 1979चा 'अॅस्टेरॉइड्स' बरोबर उलटा, त्याला दांडाच नव्हता, पाच बटणांवर सगळा खेळ. म्हणजे 'किती बटणं' याचं उत्तर किटच्या खोक्यावर सापडत नाही, ते तुमच्या कागदावरच्या पाच नावांत आहे.

माझं मत विचाराल तर: भाऊ स्ट्रीट फायटर खेळणारा असेल तर प्रत्येकी सहा, नसेल तर चार. शंका असेल तर भोकं सहा पाडा आणि दोन झाकून ठेवा. बटणाच्याच मापाची प्लास्टिकची झाकणं मिळतात, ती बसवली की भोक डोळ्याला खुपत नाही. पण आठ बटणांचं पॅनेल करू नका. मुलगी पहिल्यांदा समोर उभी राहील आणि विचारेल, बाबा, यातलं कुठलं दाबू? तिथेच तिचा अर्धा उत्साह संपतो.

आता चार दिशा की आठ. याला बरेच जण बारीकसारीक गोष्ट समजतात. तशी ती नाही. जॉयस्टिकच्या खाली चार मायक्रोस्विच असतात, वर-खाली-डावी-उजवी. आठ दिशांच्या जॉयस्टिकमध्ये दांडा तिरका गेला की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात आणि खेळाला तिरकी दिशा कळते. मुस्तफात तिरकं चालावं लागतं. स्ट्रीट फायटरमध्ये तर हदूकेन काढायला खाली, तिरकं, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा मारून ठोसा द्यावा लागतो, तिरकी दिशा हुकली की डाव गेला. तिथे आठ दिशा हव्यातच. पण पॅकमॅन (1980) आणि डाँकी काँग (1981) चार दिशांसाठी लिहिलेले खेळ आहेत. आठवाल्या दांड्यावर पॅकमॅन खेळताना वळणाशी हात जरासा तिरका गेला की दोन दिशा एकदम पोचतात, पॅकमॅन वळत नाही, सरळ पुढे जातो आणि भुताच्या तोंडी पडतो. खेळणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला. लहान मुलांचं तर हमखास असं होतं आणि ती म्हणतात, मला जमत नाही. म्हणून मुलीच्या यादीत पॅकमॅन आला, आणि बहुतेक येईलच, तर याचा बंदोबस्त आधीच करा.

बंदोबस्त सोपा आहे. जपानच्या सानवा कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकला खालून एक चौकोनी चौकट असते, तिला गेट म्हणतात. दांडा कुठवर जाईल ते गेट ठरवतं. चौकोनाचे कोपरे तिरक्या दिशांना असतात, तेव्हा दांडा आठ दिशांना जातो. तेच गेट काढून 45 अंशांनी फिरवून बसवलं की कोपरे वर-खाली-डावी-उजवीकडे येतात आणि तिरकं जाणं बंद होतं. नवी वस्तू घ्यावी लागत नाही. फक्त पॅनेल खालून उघडता आलं पाहिजे, एवढं मेहुण्यांना आजच सांगून ठेवा. बिजागरीवर वर उचलणारं पॅनेल करा, चार स्क्रू काढून निघणारं नको. पहिल्या महिन्यात तुम्ही ते वीस वेळा उघडणार आहात.

कारखान्यातल्या पुश बटणांबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः अंबडला कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगमध्ये पंचवीस वर्षं काढली आणि हा मोह मलाही झाला होता. ती बटणं उत्तम असतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. 22 मिमीच्या भोकात बसणारं ते बटण मुद्दाम जड ठेवलेलं असतं, म्हणजे कोणाचा कोपर लागून प्रेस सुरू होऊ नये. ते दिवसातून पन्नासदा, विचार करून दाबायचं बटण आहे. खेळात एका मिनिटात शंभरदा दाबावं लागतं, आणि तेही दोन बोटांनी, न बघता. जड स्प्रिंगवर तुमचं मनगट अर्ध्या तासात भरून येईल. मुलीची बोटं तर त्याआधीच थकतील. दुसरी अडचण आत आहे, ती दिसत नाही. त्या बटणांचे चांदीचे कॉन्टॅक्ट जास्त करंटसाठी बनवलेले असतात. करंट तोडताना होणारी छोटी ठिणगीच त्यांच्यावर साचलेला थर जाळून साफ करते. गेमच्या सर्किटमध्ये 3.3 किंवा 5 व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर, ठिणगी होतच नाही, थर साचत जातो, आणि काही महिन्यांनी दहातलं एक दाबणं पोचेनासं होतं. मग तुम्ही वायरिंग तपासत बसाल आणि दोष सापडणार नाही. त्यातलं एक बटण, दाबल्यावर दाबलेलंच राहणारं, जरूर वापरा, मशिनच्या मेन सप्लायला. 230 व्होल्ट चालू-बंद करायला ते अगदी योग्य आहे.

जपानी की अमेरिकन, हा वाद चवीचा असल्यासारखा चालतो. चवीचा भाग त्यात आहेच. जपानी जॉयस्टिकला वर गोळा असतो, ती बोटांत धरायची, स्प्रिंग हलकी आणि हालचाल थोडी. बटणं सपाट, बोट टेकवलं तरी उमटणारी. अमेरिकन पद्धतीत दांडा लांबट, बॅटच्या मुठीसारखा, मुठीत धरायचा. बटणं मध्ये खोलगट आणि दाबायला जड. त्या पद्धतीचा चांगला माल स्पेनची इंडस्ट्रियास लोरेन्झो बनवते. पण तुमच्या बाबतीत निवड चवीने होणार नाही, बटणं ज्यात बसवायची त्या वरच्या पाटीच्या जाडीने होईल.

अमेरिकन बटणाला लांब आटे आणि खालून नट असतो, ते 18 मिमी प्लायमध्ये मस्त बसतं. भोक लागतं साधारण 28 मिमीचं. जपानी ओबीएसएफ-30 बटणाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे खटके असतात, ते पातळ पाटीत 30 मिमीच्या भोकात दाबून बसवायचं. 18 मिमी प्लायमध्ये ते खटके पाटीच्या खाली पोचतच नाहीत, मग बटण खेळताना वर येतं. जॉयस्टिकचंही तेच. जेएलएफ जाड प्लायखाली लावली तर दांडा वर इतका आखूड उरतो की धरताच येत नाही. खालून राउटरने खाच पाडून ती वर घेता येते, पण ते कसबी काम आहे.

तुम्ही टूलरूममधले आहात, आणि सातपूर-अंबडला लेझर कटिंग करून देणारी वर्कशॉप्स तुमच्या रोजच्या वाटेवर आहेत. म्हणून माझा सरळ सल्ला: सांगाडा प्लायचा, पण वरची पाटी 2 मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याची, आणि त्यावर जपानी सामान. ड्रॉइंग देताना दोन गोष्टी विसरू नका. पावडर कोटिंग भोकाच्या कडेवरही चढतं आणि भोक लहान होतं, म्हणून 30 ऐवजी 30.2 ते 30.3 मिमी द्या. नाहीतर कोट झालेल्या पत्र्याला कानस लावायची पाळी येते आणि रंगाचे टवके उडतात. दुसरं, पुढची कड खाली वाकवून घ्या, गोलाई ठेवून. तासभर मनगट त्याच कडेवर टेकलेलं असतं.

मेहुणे लाकडाचीच पाटी करायचं म्हणाले तर तेही चालेल, मग अमेरिकन पद्धतीचं सामान घ्या आणि वेळ वाचवा. पण एक बघा. सुतारांकडे मोठं भोक पाडायचं बिट असतंच, ते कपाटाच्या कप बिजागरीचं, 35 मिमीचं. ते 28 वा 30 मिमीच्या बटणाला चालत नाही. होल सॉ वेगळा आणा, आधी तुकड्यावर चालवा, आणि पाडताना प्लायच्या खाली दुसरा तुकडा दाबून धरा म्हणजे खालचा थर उखडणार नाही. माझ्या पहिल्या पॅनेलला मी भोकं आधी पाडली आणि बटणं नंतर मागवली. भोकं 28 मिमीची, आली 30ची बटणं. वाढवताना सनमायका तडकला आणि पूर्ण पाटी नवी करावी लागली. म्हणून नियम असा धरा: बटण हातात आल्याशिवाय आणि व्हर्नियरने मोजल्याशिवाय एकही भोक नाही. एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, मात्र टाळा. नाशिकच्या पावसाळ्यात, त्यातून बाल्कनीजवळ ठेवलंत तर, त्याच्या कापलेल्या कडा ओल धरून फुगतात.

भोकांच्या जागा कागदावर ठरवू नका, पुठ्ठ्यावर ठरवा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, पाटीच्या मापाचा कापा, एक जॉयस्टिक आणि सहा बटणं त्यात बसवा आणि टेबलावर ठेवून उभ्याने हात टेकवा. डावा हात दांड्यावर, उजव्या हाताची बोटं सैल सोडा. ती जिथे पडतात तिथे पेन्सिलने खूण करा. तर्जनीखालचं बटण बाकीच्यांपेक्षा थोडं खाली येतं, कारण बोटं सारख्या लांबीची नसतात. शेजारच्या बटणांच्या मध्यांत साधारण 36 मिमी ठेवा. मग मुलीला उभं करा आणि तिचा हात बघा. तिची करंगळी शेवटच्या बटणाला पोचली नाही तर हरकत नाही, पण पहिली दोन तिला न ताणता सापडली पाहिजेत. मुस्तफा त्या दोनांवरच चालतो. दोन जॉयस्टिकच्या मध्यांत निदान 18 ते 20 इंच अंतर ठेवा. तुम्ही आणि भाऊ आता शाळकरी नाही, खांदे लागतात. मुस्तफा तिघांनाही खेळता येतो म्हणून तीन जॉयस्टिकचा विचार मनात आला असेल. तो केलात तर पाटी चाळीस इंचांच्या पुढे जाते. त्याआधी बेडरूमचा दरवाजा आणि लिफ्ट मोजून या.

उंचीचं एवढंच: स्वयंपाकाचा ओटा साधारण 32-33 इंचांवर असतो, पाटी त्याहून तीन-चार इंच वर, म्हणजे 36 इंचांच्या आसपास. तुम्हाला किंचित खाली वाटेल, मुलीला कोपराच्या उंचीवर येईल. लागला तर तिच्यासाठी एक पाट ठेवा.

वहिनींच्या खटखटीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. अमेरिकन पद्धतीच्या बटणाखाली मायक्रोस्विच असतो, त्याचा कट्‌कट् आवाज फ्लॅटमध्ये रात्री भिंतीपलीकडे जातो. जपानी बटणात आवाज कमी. त्यातही सानवाचं ओबीएसएफएस-30 म्हणून शांत बटण आहे, आत आवाज दाबणारं मऊ पॅड असलेलं. ते महाग पडतं, पण तुम्ही ज्या दोन बटणांवर सतत बोट आपटणार, निदान ती तरी शांत घ्या. शिवाय पत्रा पोकळ खोक्यावर बसला की ढोलासारखा घुमतो. खालून दोन-तीन ठिकाणी रबर शीट किंवा फेल्ट चिकटवा, फरक लगेच कळेल.

आता किट. मी एकदा ऑनलाइन असंच किट घेतलं होतं. दिसायला झकास. दोन महिन्यांत एका जॉयस्टिकची वरची दिशा गेली. स्विच बोर्डावरच पक्के जोडलेले, तो बोर्ड सुटा मिळेना, अख्खी जॉयस्टिक फेकली. तेव्हापासून घेण्याआधी एकच बघतो: झिजणारा भाग सुटा मिळतो का? जेएलएफमध्येही स्विच छोट्या बोर्डावरच असतात, पण तो बोर्ड, स्प्रिंग, गेट, गोळा, प्रत्येक गोष्ट वेगळी विकत मिळते. अमेरिकन पद्धतीत तर साधा मायक्रोस्विच असतो, लिमिट स्विचमध्ये वापरतात त्याच जातीचा. पैसे बेताचे असतील तर बटणं स्वस्त घ्या आणि जॉयस्टिक चांगली. बटण बिघडलं तर पाच मिनिटांत बदलता येतं, वाईट जॉयस्टिक मात्र प्रत्येक खेळ खराब करते. आणि पहिल्यांदा एक जॉयस्टिक, दोन बटणं एवढंच मागवा. सानवाच्या नावावर नकला खूप विकल्या जातात. नमुना हातात आला, मनाजोगता निघाला, की मग उरलेलं. मुंबईला जाणं होणार असेल तर पंचवटी एक्सप्रेसने जाऊन लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा. वायर, कनेक्टर, लग (वायरच्या टोकाला लावून स्विचच्या पात्यावर सरकवायचे जोड), छोटा अॅम्प्लिफायर हे तिथे हाताळून घेता येतं. केबल आणि अॅडॉप्टरसाठी तेवढं लांब जायची गरज नाही, ते आपल्या एमजी रोडवर होतं.

बटणं आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक बोर्ड लागतो, त्याला एन्कोडर म्हणतात. तो बटणाचं दाबणं यूएसबीवरून पुढे पाठवतो. स्वस्तातले 'झिरो डिले' नावाने मिळणारे बोर्ड एका खेळाडूसाठी एक असे असतात. चालतात. पण दोन अगदी सारखे बोर्ड लावले की कॉम्प्युटर दर वेळी त्यांना त्याच क्रमाने ओळखेल याची खात्री नसते. आज तुम्ही पहिले खेळाडू, उद्या मशिन चालू केलं तर दुसरे. म्हणून दोघांना मिळून एकच बोर्ड घ्या. अल्टिमार्क कंपनीच्या आय-पॅक 2 बोर्डाला 32 इनपुट आहेत. तुमची गरज मोजा: चार दिशा, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन, झाले 12. दोघांचे 24. आठ उरतात. हा बोर्ड कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसतो, त्यामुळे सेटिंगची झटापटही कमी. जुना कीबोर्ड फोडून त्याच्या सर्किटला बटणं जोडायचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. साध्या कीबोर्डला तीन-चार कळा एकदम दाबल्या की काही कळतच नाहीत, आणि दोघं खेळताना दर क्षणाला तेच होणार.

वायरिंग तुम्हाला कठीण जाणार नाही. मायक्रोस्विचला तीन पाती असतात, कॉमन, एनओ (एरवी तुटलेला, दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (त्याच्या उलट). कॉमन आणि एनओ वापरायचं. चुकून एनसीला लावलंत तर बटण कायम दाबलेलंच दिसेल. जपानी बटणांना दोनच पाती, त्यामुळे हा प्रश्न नाही. सगळ्या कॉमन एका वायरने एकामागून एक जोडत जा आणि ती वायर बोर्डाच्या ग्राउंडला न्या. हे ग्राउंड म्हणजे घरातली अर्थिंग नव्हे, ती दोन्ही वेगळी ठेवा. अर्थिंगची वायर तुमच्या पत्र्याच्या पाटीला स्वतंत्रपणे, दातेरी वॉशर आणि बोल्टने, कोटिंग खरवडून जोडा. त्या पाटीवर मुलीचे हात असणार आहेत, तेव्हा हे उद्यावर टाकू नका. लग विकत घेण्याआधी पात्याची रुंदी मोजा: सानवाला 2.8 मिमी, अमेरिकन पद्धतीत बहुधा 4.8. गाड्यांच्या वायरिंगचे 6.3 मिमीचे लग सहज मिळतात म्हणून आणले जातात आणि सैल बसतात. सोल्डर करू नका, उष्णतेने पात्याभोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि पुढे बटण बदलताना पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवावं लागतं. वायर 0.5 चौ. मिमी पुरे, करंट नगण्य असतो. आणि प्रत्येक वायरला नंबर घाला, पॅनेलमध्ये घालतो तसे.

कॉइनचं बटण पुढच्या बाजूला लावा, 24 मिमीचं. रुपया टाकल्याचं समाधान त्यातच आहे. खेळातून बाहेर पडायचं बटण मात्र पाटीखाली लपवा, स्टार्टच्या शेजारी अजिबात नको.

ट्रॅकबॉल आत्ता नको. तो 'मिसाइल कमांड' किंवा 'सेंटिपीड'सारख्या खेळांना लागतो, जागा खूप खातो, आणि त्या खेळांची नावं तुमच्या यादीत येतील असं मला वाटत नाही. दिव्यांची बटणंही नकोत. प्रत्येक बटणाला दोन वायर वाढतात आणि अंधारात पडद्याखाली उजेड डोळ्यांवर येतो. स्टार्टच्या दोन बटणांना दिवा लावा, तेवढा शोभतो.

मॉनिटर ठीक आहे. 19 इंची चौकोनी पडदे बहुतेक 1280 बाय 1024 असतात, मुस्तफा, स्ट्रीट फायटरसारखे आडवे खेळ 4:3 मापाचे, वर-खाली बारीक काळी पट्टी राहील, राहू द्या. पॅकमॅनसारख्या उभ्या खेळांना ती दोन्ही बाजूंना येईल. रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर लावलात तर हे सगळे खेळ आरामात चालतात. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर साधी केबल पुरते, फक्त व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागेल. त्याची वीज अचानक गेली तर त्यातलं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून कार्डाची एक प्रत काढून ठेवा. 'दहा हजार गेम्स' भरलेलं कार्ड विकत घेऊ नका. पार्लरमधले जुने खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा मेम हा प्रोग्रॅम 1997 पासून मोफत आहे, पण खेळांचे हक्क त्या त्या कंपन्यांचे असतात. 'ग्रिडली' आणि 'रॉबी रोटो'सारखे थोडे खेळ मात्र हक्कदारांनीच घरगुती वापराला खुले केले आहेत. पॅनेलची पहिली चाचणी 'रॉबी रोटो'वर घ्या.

वेळेचं गणित शेवटी सांगतो, कारण दिवाळी गाठायची आहे. दिवाळीत एमआयडीसीतली वर्कशॉप्स बंद राहतात आणि त्याआधीचे पंधरा दिवस सगळ्यांची घाई असते. एका पाटीचं तुमचं काम तेव्हा कोणी हातात घेणार नाही. पुठ्ठा या आठवड्यात, नमुन्याचं सामान पुढच्या, आणि भोकांचं ड्रॉइंग दसऱ्याच्या आधी लेझरवाल्याच्या टेबलावर पोचलेलं असू द्या. पाटी हातात आली की लगेच पावडर कोटिंगला देऊ नका. आधी एक बटण प्रत्येक भोकात घालून बघा.